असमान वस्तुमानांची स्थितिस्थापक टक्कर: संवेग एवढा मोठा, मग ऊर्जा एवढी कमी कशी?

कोरी पाटी (धागाकर्ती)

भौतिकशास्त्राची नुकतीच ओळख होऊ लागलेल्या विद्यार्थ्यांना मी टकरींचे प्रकरण शिकवते. सूत्रे त्यांना पाठ होतात, उदाहरणेही सुटतात, पण एका ठिकाणी चर्चा नेहमी अडते आणि माझे उत्तर मला स्वतःला पुरेसे वाटत नाही, म्हणून हा धागा.

१ किलोग्रामचा एक गोळा सेकंदाला १० मीटर वेगाने येऊन स्थिर असलेल्या ९ किलोग्रामच्या गोळ्यावर समोरासमोर आदळतो असे धरू. टक्कर पूर्णपणे स्थितिस्थापक आहे, म्हणजे टकरीपूर्वीची आणि टकरीनंतरची एकूण गतिज ऊर्जा सारखीच आहे. सूत्रांत किमती घातल्या की हलका गोळा सेकंदाला ८ मीटर वेगाने मागे फिरतो आणि जड गोळा सेकंदाला २ मीटर वेगाने पुढे जातो. पडताळाही जुळतो: संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आधी १०, नंतर १८ वजा ८ म्हणजे पुन्हा १०, ऊर्जा आधी ५० ज्यूल, नंतर ३२ अधिक १८ म्हणजे पुन्हा ५० ज्यूल.

विद्यार्थ्यांचा आक्षेप असा असतो की सुरुवातीला सगळा मिळून संवेग केवळ १० असताना जड गोळ्याजवळ १८ एवढा संवेग कोठून आला? आणि तो एवढा मिळाला, तर मग ऊर्जेतील त्याचा वाटा केवळ ३६ टक्के कसा? जड गोळा आणखी जड केला तर संवेग २० च्या जवळ जातो आणि ऊर्जा मात्र शून्याकडे जाते. बीजगणिताने हे सिद्ध होते हे मला मान्य आहे. मला हवे आहे ते टकरीच्या क्षणी नेमके काय घडते यावर बोट ठेवणारे कारण.

लंबक

आक्षेपाच्या पहिल्या भागाचे उत्तर संवेगाच्या दिशेत आहे. हलक्या गोळ्याचा संवेग अधिक १० वरून वजा ८ वर आला, म्हणजे त्यात १८ चा बदल झाला, आणि तेवढाच संवेग जड गोळ्याला मिळाला. ‘एकूण १० पैकी १८’ अशी वाटणी येथे नाहीच, कारण ऋण राशी असलेल्या बेरजेत एखादा घटक एकूण बेरजेपेक्षा मोठा असू शकतो.

विद्यार्थ्यांचा गोंधळ क्षुल्लक समजू नये, कारण या प्रश्नाचा इतिहासच त्यातून सुरू होतो. रने देकार्त यांनी १६४४ साली टकरींचे सात नियम मांडले. त्यांतील चौथ्या नियमानुसार लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर आदळली तर मोठी वस्तू जागची मुळीच हलत नाही आणि लहान वस्तू होती त्याच चालीने मागे फिरते. देकार्त यांच्या मते जगातील ‘गतीचे परिमाण’ कायम राहते, पण ते परिमाण मोजताना ते आकारमान आणि चाल यांचा गुणाकार करीत व दिशा सोडून देत. चाल तीच राहिली की त्यांचा हिशेब पुरा होत असे. दिशेसह हिशेब केला तर मोठ्या वस्तूला दुप्पट संवेग मिळालाच पाहिजे आणि ती हललीच पाहिजे, मग ती कितीही मोठी असो.

या नियमांतील दोष ख्रिस्तियान हायगेन्स यांना १६५० च्या दशकातच दिसला होता. पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरींच्या नियमांविषयी विचारणा केली, तेव्हा १६६८-६९ च्या सुमारास जॉन वॉलिस, क्रिस्टोफर रेन आणि हायगेन्स या तिघांनी आपापली उत्तरे पाठवली. हायगेन्स यांचे सविस्तर विवेचन मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १७०३ साली छापले गेले. त्यांची युक्ती आजही वर्गात वापरण्याजोगी आहे: शांत पाण्यावरून एकसमान वेगाने जाणाऱ्या नावेत एक जण दोन गोळ्यांची टक्कर घडवतो आणि काठावर उभा असलेला दुसरा माणूस तीच टक्कर पाहतो. दोघांना वेग निरनिराळे दिसतात, पण घटना एकच असल्यामुळे नावेतील नियम काठावरच्या वेगांत उतरवता येतो.

तुमच्या उदाहरणासाठी नावेचा वेग सेकंदाला १ मीटर घ्या. हा दोन्ही गोळ्यांच्या वस्तुमानकेंद्राचा वेग आहे, एकूण संवेग १० भागिले एकूण वस्तुमान १०. नावेतून पाहताना हलका गोळा ९ च्या वेगाने येतो आणि जड गोळा १ च्या वेगाने उलट दिशेने येतो. दोघांचे संवेग समान व विरुद्ध, बेरीज शून्य. टकरीनंतरही बेरीज शून्यच हवी, म्हणजे संवेग पुन्हा समान व विरुद्धच असणार. ऊर्जा तेवढीच राहायची असेल तर त्यांचे मूल्य बदलू शकत नाही. त्यामुळे एका रेषेवरच्या टकरीत दोन्ही वेगांच्या दिशा उलटतात, इतकेच घडते: वजा ९ आणि अधिक १. आता काठावर या आणि दोन्ही वेगांत १ मिळवा: वजा ८ आणि अधिक २. सूत्र लागलेच नाही.

सरळरेषा

लंबक यांच्या विवेचनात एक बारकावा जोडतो. संवेग आणि ऊर्जा टिकून राहण्याच्या दोन अक्षय्यतेच्या नियमांतून येणारे समीकरण वर्गसमीकरण असते आणि त्याला दोन उकली असतात. एक उकल वेग उलटण्याची. दुसरीत वेग जसेच्या तसे राहतात, म्हणजे गोळे एकमेकांना भिडलेच नाहीत. पुस्तके ही दुसरी उकल न बोलता गाळतात, आणि गणित नीट करणाऱ्या विद्यार्थ्याला ती सापडली की त्याला आपले काही चुकले असे वाटते. त्याला सांगावे की तुझे बरोबर आहे, कारण टक्कर झाली की नाही हे अक्षय्यतेच्या नियमांना ठाऊक नसते. ती माहिती आपण वेगळी पुरवायची असते.

कोरी पाटी

नावेची युक्ती मी वर्गात नक्की वापरीन. माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र अजून उरला आहे. वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत, म्हणजे नावेतून पाहताना, दोन्ही गोळ्यांच्या ऊर्जा टकरीपूर्वी होत्या तेवढ्याच टकरीनंतर राहतात, म्हणजे तेथे एकाची ऊर्जा दुसऱ्याला मिळतच नाही. काठावरून पाहिले की मात्र १८ ज्यूल ऊर्जा हलक्याकडून जडाकडे गेलेली दिसते. ही १८ ज्यूल ऊर्जा कोणत्या वाटेने गेली, हे विद्यार्थ्याला कसे दाखवावे?

लंबक

माझ्या मते या धाग्याचा गाभा हाच प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टकरीच्या अल्प काळात दोन्ही गोळे एकमेकांवर समान आणि विरुद्ध बल लावतात आणि तो काळही दोघांसाठी एकच असतो. बल गुणिले काळ म्हणजे आवेग, म्हणून संवेगातील बदल दोघांचा समान येतो. ऊर्जा मात्र बल गुणिले विस्थापन या हिशेबाने जाते, आणि विस्थापन म्हणजे त्या अवधीत वस्तू किती सरकली ते. जड गोळा स्पर्शाच्या काळात फारसा सरकत नाही, म्हणून त्याच्यावर होणारे कार्य कमी. संवेग काळाच्या मापाने मिळतो आणि ऊर्जा अंतराच्या मापाने, हे एकदा लक्षात आले की दोन्ही वाटे सारखे असावेत ही अपेक्षाच उरत नाही.

हे आकड्यांत अचूक मांडता येते. कोणत्याही वस्तूच्या गतिज ऊर्जेतील बदल हा तिला मिळालेला आवेग गुणिले तिच्या आधीच्या व नंतरच्या वेगांची सरासरी एवढा असतो. जड गोळ्यासाठी आवेग १८ आणि वेगांची सरासरी शून्य व २ यांची, म्हणजे १. गुणाकार १८ ज्यूल. हलक्या गोळ्यासाठी आवेग वजा १८ आणि वेगांची सरासरी अधिक १० व वजा ८ यांची, म्हणजे तीही १. गुणाकार वजा १८ ज्यूल. दोन्ही सरासऱ्या सारख्या आल्या हा योगायोग नव्हे. ऊर्जा टिकते या अटीचा अर्थच तो आहे, आणि ही सामाईक सरासरी म्हणजे वस्तुमानकेंद्राचा वेग. म्हणून स्थितिस्थापक टकरीपुरता एक नियम लिहिता येतो: एका वस्तूकडून दुसरीकडे गेलेली ऊर्जा म्हणजे आवेग गुणिले वस्तुमानकेंद्राचा वेग. नावेतून पाहताना वस्तुमानकेंद्र स्थिर असते, म्हणून तेथे ऊर्जा हस्तांतरित होत नाही. काठावरून ते सेकंदाला १ मीटर वेगाने जाते, म्हणून १८ ज्यूल.

आता उदाहरण उलटे करा. ९ किलोग्रामचा गोळा १० च्या वेगाने येऊन स्थिर असलेल्या १ किलोग्रामच्या गोळ्यावर आदळू द्या. जड गोळा ८ च्या वेगाने पुढेच जात राहतो आणि हलका गोळा १८ च्या वेगाने उडतो. आवेग किती? पुन्हा १८. आवेग केवळ दोन वस्तुमानांवर आणि परस्परसापेक्ष वेगावर ठरतो, कोण धावत होते आणि कोण उभे होते यावर नाही. वस्तुमानकेंद्राचा वेग मात्र आता ९ आहे, म्हणून १८ गुणिले ९, म्हणजे १६२ ज्यूल ऊर्जा गेली. सुरुवातीची ऊर्जा ४५० ज्यूल होती. १६२ भागिले ४५० करून पाहा: पुन्हा ३६ टक्केच येतात.

वस्तुमाने ‘अ’ आणि ‘ब’ असतील आणि एक वस्तू स्थिर असेल, तर समोरासमोरच्या टकरीत ऊर्जेचा हस्तांतरित होणारा अंश ४ × अ × ब भागिले (अ + ब) चा वर्ग एवढा असतो. या राशीत अ आणि ब यांची अदलाबदल केली तरी काहीच बदलत नाही. हलके जडावर आदळो वा जड हलक्यावर, अंश तोच. वस्तुमाने समान असतील तर तो १ होतो, म्हणजे सगळी ऊर्जा जाते. वस्तुमाने जितकी असमान तितका तो लहान. ही सममिती पुस्तकांत क्वचितच सांगितलेली दिसते, आणि माझ्या मते ती या प्रकरणातील सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

अणुरेणू

लंबक यांनी दिलेल्या या अंशावर अणुभट्टीची रचना अवलंबून आहे, म्हणून त्या दिशेने थोडे लिहिते.

युरेनियमच्या विखंडनातून बाहेर पडणारे न्यूट्रॉन फार वेगवान असतात आणि साखळी प्रक्रिया चालू ठेवण्यासाठी बहुतेक भट्ट्यांत त्यांना मंद करावे लागते. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्यामुळे त्याला अडवण्याचा मार्ग म्हणजे अणुकेंद्रकांशी होणाऱ्या टकरी. न्यूट्रॉनचे वस्तुमान १ धरले तर समोरासमोरच्या एका टकरीत हायड्रोजनचे केंद्रक त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा घेऊ शकते, जड हायड्रोजनचे केंद्रक सुमारे ८९ टक्के, कार्बनचे सुमारे २८ टक्के आणि युरेनियम-२३८ चे दोन टक्क्यांहूनही कमी. प्रत्यक्षात बहुतेक टकरी तिरक्या होतात, म्हणून सरासरी काढावी लागते. सुमारे २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) ऊर्जेचा न्यूट्रॉन कक्ष तापमानाच्या पातळीवर आणायला हायड्रोजनशी सरासरी १८ टकरी पुरतात, जड हायड्रोजनशी सुमारे २५ आणि कार्बनशी सुमारे ११५. युरेनियमच्या केंद्रकांशीच टकरी होत राहिल्या तर हजारोंची गरज पडेल. शिसे इतके जड असूनही न्यूट्रॉन मंद करायला पाणी किंवा मेण अधिक उपयोगी का, याचे कारण यातच आहे.

साधे पाणी टकरींच्या हिशेबात पहिले येत असले तरी त्यातील हायड्रोजन काही न्यूट्रॉन गिळतो. म्हणून जड पाणी आणि ग्राफाइट यांनाही भट्ट्यांत स्थान आहे.

खुद्द न्यूट्रॉनचा शोधही याच सूत्राने पक्का झाला. बेरिलियमवर अल्फा कण (हेलियमची केंद्रके) आदळले की एक विद्युतभारहीन प्रारण बाहेर पडते आणि ते मेणातून प्रोटॉन उडवते, एवढे ठाऊक होते. ते प्रारण गॅमा किरणांचे असावे असा समज होता. जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली ते कणांचे आहे असे धरून हिशेब मांडला. अज्ञात कणाचे वस्तुमान आणि वेग या दोन्ही राशी ठाऊक नव्हत्या. पण तोच कण हायड्रोजनवर आणि नायट्रोजनवर आदळला तर उडणाऱ्या केंद्रकांच्या कमाल वेगांचे गुणोत्तर घेताना अज्ञात वेग छेदला जातो आणि केवळ वस्तुमान उरते. हायड्रोजनच्या केंद्रकाचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ३ कोटी ३० लाख मीटर होता आणि नायट्रोजनच्या केंद्रकाचा सुमारे ४७ लाख मीटर. गुणोत्तर ७ च्या आसपास. अज्ञात वस्तुमान ‘म’ धरल्यास हे गुणोत्तर (म + १४) भागिले (म + १) एवढे असले पाहिजे, आणि त्यावरून म ची किंमत सुमारे १.१६ येते. मापनातील त्रुटी लक्षात घेता कण प्रोटॉनएवढ्याच वस्तुमानाचा ठरला. चॅडविक यांना १९३५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे गणित पहिल्या वर्षाचा विद्यार्थी स्वतः करू शकतो, आणि त्याच्याकडून ते करवून घ्यावेच असे मी आग्रहाने म्हणेन.

त्रिज्या

आतापर्यंतची सगळी चर्चा एका रेषेवरच्या टकरींची झाली. तिरक्या टकरींतही वस्तुमानांचे गुणोत्तर किती बोलके असते, हे पाहू.

समान वस्तुमानाच्या दोन गोळ्यांपैकी एक स्थिर असेल आणि टक्कर तिरकी झाली, तर नंतर दोघे एकमेकांशी काटकोन करून जातात, हे पुष्कळांना ठाऊक असते. आदळणारा गोळा जड असेल तर हा कोन काटकोनाहून लहान होतो आणि हलका असेल तर मोठा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जड वस्तू हलक्या वस्तूवर आदळली तर ती आपल्या मूळ दिशेपासून एका ठराविक मर्यादेपलीकडे वळूच शकत नाही. त्या कमाल कोनाची ज्या (साइन) म्हणजे हलक्या वस्तुमानाला जड वस्तुमानाने भागून येणारी राशी.

अल्फा कण इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ७३०० पट जड आहे. म्हणजे एका इलेक्ट्रॉनवर आदळून तो फार तर एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वळेल. हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांना १९०९ साली धातूच्या पत्र्यावरून काही थोडे अल्फा कण चक्क मागे फिरलेले आढळले, तेव्हा ते इलेक्ट्रॉनांचे काम असणे शक्य नव्हते. एका टकरीत मागे फिरवायचे तर समोरची वस्तू अल्फा कणाहून जडच असली पाहिजे, हे आदळणाऱ्या ‘अ’ या वस्तूच्या टकरीनंतरच्या वेगाच्या सूत्रावरूनच निघते: तो मूळ वेगाच्या (अ − ब) भागिले (अ + ब) पट असतो, म्हणून अ लहान असेल तरच त्याचे चिन्ह ऋण येते. अणूचे बहुतेक वस्तुमान एका जागी एकवटलेले आहे या रदरफर्ड यांच्या निष्कर्षाला विद्युतबलाचे सविस्तर गणित लागले हे खरे, पण पहिली पायरी टकरीच्या यांत्रिकीची होती.

सरळरेषा

एक मूलभूत शंका विचारतो. प्रत्यक्षात कोणती टक्कर पूर्णपणे स्थितिस्थापक असते? पोलादी गोळ्यांतही आवाज होतो, थोडी उष्णता निर्माण होते. मग आपण विद्यार्थ्याला शिकवतो ते केवळ आदर्श चित्र आहे, असे म्हणायचे का?

अणुरेणू

डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंसाठी ते आदर्श चित्रच आहे, आणि तसे सांगावेही. अणूंच्या पातळीवर मात्र पूर्ण स्थितिस्थापक टकरी खरोखर होतात, कारण अणूच्या आतली ऊर्जा ठराविक पायऱ्यांनीच वाढू शकते. येणाऱ्या कणाजवळ पहिल्या पायरीइतकीही ऊर्जा नसेल, तर अणूच्या आत काही साठवले जाण्याचा मार्गच बंद असतो.

जेम्स फ्रँक आणि गुस्टाव हर्ट्झ यांनी १९१४ साली पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन पाठवून हेच दाखवले. पाऱ्याच्या अणूची ती पायरी ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टची आहे. ऊर्जा त्याहून कमी असेपर्यंत इलेक्ट्रॉन अणूंवर आदळत राहतात, दिशा बदलत राहतात, पण ऊर्जा जवळजवळ गमावत नाहीत. का गमावत नाहीत, ते याच धाग्यातील सूत्र सांगते: पाऱ्याचा अणू इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ३ लाख ६६ हजार पट जड आहे, म्हणून समोरासमोरच्या टकरीतही ऊर्जेचा केवळ एक लाखांश भाग जातो. वस्तुमानांत एवढी तफावत नसती, तर इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाटेतल्या टकरींतच विखुरली असती आणि विद्युतप्रवाहाच्या आलेखातील ४.९ व्होल्टच्या अंतराने येणारी ती प्रसिद्ध शिखरे इतकी स्पष्ट उमटली नसती.

कोरी पाटी

सर्वांचे मनापासून आभार. लंबक यांचा ‘आवेग गुणिले वस्तुमानकेंद्राचा वेग’ हा नियम मला हवा होता तसाच आहे. त्यावरून आणखी एक विचारते. दोन वस्तुमाने फार असमान असतील, तर हलक्याची ऊर्जा जडाला पोहोचवण्याचा काही चांगला मार्ग आहे का? की लंबक यांनी दिलेला अंश हीच अंतिम मर्यादा?

लंबक

एकाच टकरीत ती मर्यादा ओलांडता येत नाही. पण मध्ये तिसरी वस्तू ठेवली तर येते, आणि हेही हायगेन्स यांनीच दाखवून दिले होते. १ किलोग्रामचा गोळा ४ किलोग्रामच्या स्थिर गोळ्यावर थेट आदळला तर ६४ टक्के ऊर्जा जाते. मध्ये २ किलोग्रामचा स्थिर गोळा ठेवा. पहिल्या टकरीत नऊपैकी आठ भाग ऊर्जा मधल्याला मिळते आणि दुसऱ्या टकरीत त्याचे पुन्हा नऊपैकी आठ भाग शेवटच्याला, म्हणजे एकूण ८१ पैकी ६४ भाग, सुमारे ७९ टक्के. मधले वस्तुमान किती असले की सर्वाधिक ऊर्जा पोहोचेल? दोन टोकांच्या वस्तुमानांचा गुणोत्तर मध्य, म्हणजे त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, येथे १ आणि ४ यांचा २. वस्तुमाने अशीच एकसारख्या पटीने वाढवत मधल्या गोळ्यांची संख्या वाढवत गेलात, तर पोहोचणारी ऊर्जा १०० टक्क्यांच्या हवी तितकी जवळ नेता येते.

तुमच्या १ आणि ९ किलोग्रामच्या उदाहरणात मध्ये ३ किलोग्रामचा गोळा ठेवून विद्यार्थ्यांना हिशेब करू द्या. दोन्ही टकरींत प्रत्येकी ७५ टक्के ऊर्जा जाते, म्हणून शेवटच्या गोळ्याला ५६.२५ टक्के मिळते, थेट टकरीत ती ३६ टक्के होती. त्याचा वेग सेकंदाला २ ऐवजी २.५ मीटर येतो आणि संवेग २२.५. हा संवेग थेट टकरीत कितीही जड गोळा ठेवला तरी मिळू शकणाऱ्या २० च्या मर्यादेपेक्षाही जास्त आहे. उरलेला वजा १२.५ संवेग मागे फिरलेल्या दोन गोळ्यांत कसा वाटला गेला, हे मात्र त्यांनाच शोधू द्यावे. हलक्या गोळ्याचा वेग मधल्या गोळ्याच्या दुप्पट येतो, आणि तो का, हा त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न होईल.